रहस्यकादंबरीतील संशयित

मराठी कुटुंबात रहस्यकादंबरीचे स्थान मोठे चमत्कारिक आहे. ती सर्वांनी वाचलेली असते आणि कोणीच वाचलेली नसते. वाचनालयातील तिची प्रत सर्वांत अधिक मळलेली, तिची पुठ्ठ्याची बांधणी सर्वांत आधी सुटलेली. परंतु आपल्या आवडत्या ग्रंथांची यादी सांगण्याचा प्रसंग आला म्हणजे ज्ञानेश्वरीपासून आरंभ करून हरिभाऊ आपट्यांपर्यंत येणारा गृहस्थ तिचे नाव काढीत नाही. जी पुस्तके आपण उघडपणे वाचतो त्यांविषयी आपण पुष्कळ लिहिले. जी पुस्तके उशाखाली ठेवून वाचली त्यांविषयी फारच थोडे. ह्या दुसऱ्या प्रकारच्या पुस्तकांचा थोडा इतिहास पाहावा आणि त्यावरून आमचे मत वाचकांपुढे ठेवावे, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

रहस्यकादंबरीवर आजवर दोन आरोप मुख्यत्वे होत आले. एक, तिने तरुणांची मने बिघडतात. दुसरा, तिने वेळ फुकट जातो. पहिल्या आरोपास पुरावा कोणी दिलेला आमच्या पाहण्यात नाही. चोरीच्या कथा वाचून चोर झालेला मनुष्य विरळा. उलट भित्र्या माणसांनाच त्या अधिक आवडतात. दुसरा आरोप खरा आहे, पण तो पत्ते, क्रिकेट आणि गप्पा ह्यांवरही तितकाच लागू पडतो. आमच्या मते ह्या वाङ्मयास विचारावयाचा खरा प्रश्न तिसराच आहे, आणि तो फारसा कोणी विचारलेला नाही. तो असा की, ही कादंबरी आपणांस संशय कोणावर घ्यावयास शिकवते? खून झाला, पेटी फुटली, मुलगी नाहीशी झाली. आता वाचकाची नजर प्रथम कोणाकडे वळते? मालकाकडे की गड्याकडे? वाड्यात राहणाऱ्याकडे की गावाबाहेर पाल ठोकून राहणाऱ्याकडे? ज्या दिशेने ही नजर शंभर वेळा पुस्तकात वळली, त्याच दिशेने ती पुस्तक मिटल्यावरही वळण्याचा संभव आहे. म्हणून हा प्रश्न केवळ करमणुकीचा उरत नाही.

ह्या इतिहासाचा आरंभ आम्ही आमच्या वर्धा जिल्ह्याच्या भूमीवरूनच करतो, आणि त्यास कारण आहे. हिंदुस्थानातील गुन्हेगारीवर लिहिलेली जी पहिली मोठी गाजलेली कादंबरी, तिचा रस्ता ह्या मुलुखावरून गेला आहे. कर्नल फिलिप मेडोज टेलर हा इंग्रज गृहस्थ १८२४ साली, अगदी कोवळ्या वयात, हिंदुस्थानात आला आणि पुढे निजामाच्या चाकरीत राहिला. त्याने लिहिलेली एका ठगाची जबानी १८३९ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. तीत अमीर अली नावाचा ठग आपल्या आयुष्याची हकीकत एका साहेबापुढे स्वमुखाने सांगतो. त्याची टोळी नागपुरास येते, तेथून अमरावतीस जाते, आणि पुढे हैदराबादेची वाट धरते. नागपुराहून अमरावतीस जाणाऱ्यास वर्धा नदी ओलांडल्यावाचून गत्यंतर नाही. तेव्हा आज ज्यास आपण कारंजे, तळेगाव, आष्टी ह्यांचा मुलूख म्हणतो, त्याच्याच आसपासच्या वाटांवर इंग्रजी वाचकाने प्रथम हिंदी वाटसरूच्या गळ्याभोवती रुमालाचा फास पडताना पाहिला, असे म्हणण्यास हरकत नाही.

त्या काळी ह्या भूमीस वर्धा जिल्हा हे नाव नव्हते. नदीच्या पूर्वेस नागपूरकर भोसल्यांचे राज्य आणि पश्चिमेस निजामाचे वऱ्हाड, अशी ती सरहद्द होती. जेथे दोन राज्यांची हद्द, तेथे गुन्हेगाराचे फावते, हे सांगावयास नको. एका तीरावर केलेल्या अपराधाचा माग दुसऱ्या तीरावर पोहोचेपर्यंत थंड होई. त्यातून १८१७-१८ च्या सुमारास पेंढाऱ्यांचा बंदोबस्त व मराठेशाहीचा शेवट ह्या घटना लागोपाठ घडल्या, फौजा मोडल्या, आणि हत्यार धरणारी शेकडो माणसे बेकार झाली. रस्ते असुरक्षित होण्यास एवढी कारणे पुरेशी होती. टेलरने ही स्थिती जवळून पाहिली होती, आणि म्हणूनच त्याच्या कादंबरीतील धर्मशाळा, सराया, नदीचे उतार आणि सावकारांचे काफिले खरे वाटतात.

ह्या कादंबरीची बांधणी पाहण्याजोगी आहे. तीत रहस्य असे काहीच नाही. खुनी कोण, हे पहिल्याच पानावर कळते. तरीही वाचक ती खाली ठेवीत नाही, कारण गोड बोलून सोबतीस घेतलेला प्रवासी मरणार हे त्यास ठाऊक असते आणि प्रवाशास ते ठाऊक नसते. रहस्य आणि उत्कंठा ह्यांत जो भेद आहे तो येथे स्पष्ट होतो. रहस्यात लेखक वाचकापासून काही लपवितो. उत्कंठेत तो पात्रापासून लपवून वाचकास सांगतो. पहिल्यात वाचकाची बुद्धी काम करते, दुसऱ्यात त्याची छाती धडधडते. आज जिला आपण थरारकथा म्हणतो ती ह्या दुसऱ्या वंशाची आहे, आणि तिचा एक जुना पुरुष अमीर अली आहे.

परंतु त्या पुस्तकाची दुसरी बाजू पाहिल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. ठगांचा बंदोबस्त करणारा जो कर्नल स्लीमन, त्याची सारी पद्धत माफीच्या साक्षीदारांवर उभी होती. पकडलेल्या ठगाने दुसऱ्या दहांची नावे सांगावी, त्या दहांनी शंभरांची. १८३६ साली जो कायदा झाला त्याने तर अमुक एक खून सिद्ध करण्याची गरजच उरली नाही. मनुष्य ठगांच्या टोळीत होता एवढे शाबीत झाले की जन्मठेप. खून झाले नाहीत असे आम्ही म्हणत नाही. वाटसरू मारले गेले, विहिरींतून प्रेते निघाली. पण अलीकडील इतिहाससंशोधकांनी असा प्रश्न केला आहे की, दुष्काळ व बेकारी ह्यांतून निघालेल्या निरनिराळ्या लुटारूंच्या टोळ्यांना एक धर्म, एक भाषा व एक वंशपरंपरा चिकटवून त्यांचा एकच भयंकर पंथ बनविण्यात सरकारी दप्तराचा व कादंबरीचा वाटा किती? ह्या प्रश्नाचा निकाल काहीही लागो. एक गोष्ट निर्विवाद आहे. गुन्हा ही एका माणसाची कृती नसून तो एका जातीचा स्वभाव आहे, ही कल्पना ह्याच काळात रूढ झाली. १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा निघाला आणि १९११ च्या कायद्याने तो साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानास लागू झाला. मूल जन्मास येताच ते संशयित. पोलीस पाटलाकडे हजेरी, गाव सोडावयाचा तर परवाना. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला. परंतु विदर्भातील पारधी समाजास विचारा, चोरी झाली म्हणजे शिपाई अजूनही प्रथम कोणाच्या पालाकडे जातो?

इंग्रजी कादंबरीत ह्या बाबतीत दोन वाटा होत्या, आणि त्या दोन्ही आपल्या देशाशी निगडित आहेत. विल्की कॉलिन्स ह्याची चंद्रकांत मण्याची कादंबरी १८६८ साली निघाली. तीत हिंदुस्थानातून लुटून नेलेला हिरा विलायतेतील एका घरातून नाहीसा होतो. घराभोवती तीन हिंदी ब्राह्मण हिंडत असतात, त्यांजवर संशय. घरातील एक मोलकरीण पूर्वी शिक्षा भोगून आलेली, तिजवर संशय. शेवटी चोर निघतो तो धर्मादाय संस्थांतून भाषणे करणारा एक प्रतिष्ठित इंग्रज सद्गृहस्थ. दीडशे वर्षांनंतर हे रहस्य फोडल्याबद्दल वाचक आम्हांस क्षमा करतील. ह्याच्या उलट १८९० साली आलेल्या कॉनन डॉइलच्या 'चौघांची सही' ह्या अर्थाच्या कादंबरीत विषारी बाण मारणारा अंदमानी मनुष्य केवळ काळा, ठेंगणा व अंदमानी म्हणूनच भयंकर ठरतो. कौशल्य दोघांचेही मोठे. पण एकाने वाचकाचा संशय उलटा फिरवून त्यास लाजविले, आणि दुसऱ्याने वाचकाच्या मनात आधीच असलेल्या संशयावर शिक्का मारला. आमच्या मते रहस्यकादंबरीची परीक्षा करण्यास ही एक चांगली कसोटी आहे.

आता मराठीकडे वळू. मराठी कादंबरी १८५७ साली बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटना'ने विधवांच्या दुःखाची हकीकत घेऊन आली. पण लवकरच ती 'मुक्तामाला' व 'मंजुघोषा' ह्यांच्या अद्भुतरम्य वाटेने गेली. संकटात सापडलेली नायिका, दुष्ट प्रधान, अरण्य, वेषांतर आणि अखेरीस विवाह, हे ते सामान. काशिनाथ बाळकृष्ण मराठे ह्यांनी १८७२ साली नावल व नाटक ह्यांवर निबंध लिहून ह्या नव्या वाङ्मयाची चर्चा केली, ह्यावरून त्याचा प्रसार किती जलद झाला होता हे ध्यानात येईल. ह्याच तयार झालेल्या जमिनीत रेनॉल्ड्स येऊन पडला.

जॉर्ज विल्यम मॅकआर्थर रेनॉल्ड्स हे नाव आज विलायतेतही फारसे कोणी घेत नाही. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानातील इंग्रजी शिकलेला तरुण डिकन्सइतकाच, कदाचित त्याहून अधिक आवडीने, त्यास वाचीत असे. त्याची 'लंडनमधील रहस्ये' १८४४ पासून दर आठवड्यास पेनीपेनीने खपत होती. हा लेखक राजकारणाने गरिबांचा पक्षपाती, मजुरांच्या मताधिकाराच्या चळवळीतील. त्याच्या कादंबऱ्यांत भुयारे, चोरांचे अड्डे, बेशुद्ध करणारी औषधे आणि मध्यरात्रीचे खून भरपूर आहेत. पण त्यांच्या मुळाशी एक राग आहे. वाड्यातला उमराव आणि गल्लीतला उचल्या ह्यांत अधिक मोठा चोर कोण, हा प्रश्न तो पुनःपुन्हा विचारतो.

मराठी लेखकांनी रेनॉल्ड्सपासून काय घेतले आणि काय टाकले, हे पाहिले म्हणजे आपल्या रहस्यकादंबरीचे अर्धे चरित्र समजते. हरिभाऊ आपट्यांची पहिली कादंबरी 'मधली स्थिती' १८८५ ची. तिचा आधार रेनॉल्ड्सच. पण हरिभाऊंनी लंडनची गल्ली पुण्यात आणली ती खरोखरीची आणली. नव्या शिक्षणाने बावरलेला, दारूच्या नादी लागणारा, जुने सुटलेला आणि नवे न साधलेला सुशिक्षित वर्गच त्यांनी आरोपीच्या पिंजऱ्यात उभा केला. म्हणजे रेनॉल्ड्सचा सांगाडा घेऊन त्यांनी त्याचा प्रश्नही घेतला. पुढे त्यांनी तो सांगाडाही टाकून दिला आणि ते मोठे कादंबरीकार झाले.

हरिभाऊंच्या मागून येणाऱ्या दोघांनी मात्र सांगाडा घेतला आणि प्रश्न टाकला. गोविंद नारायण दातारशास्त्री ह्यांच्या 'प्रवाळद्वीप', 'बंधुद्वेष', 'इंद्रभुवनगुहा', 'कालिकामूर्ती', 'शालिवाहन शक' इत्यादी कादंबऱ्यांनी दोन पिढ्यांची झोप उडविली. नाथमाधव, म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे, ह्यांनी 'वीरधवल' व 'सोनेरी टोळी' लिहून तेच केले. नाथमाधवांचे आयुष्यही एखाद्या कादंबरीसारखेच. तरुणपणी शिकारीस गेले असता सिंहगडावरून पडून ते कायमचे पंगू झाले आणि पुढे अंथरुणावरून त्यांनी वाचकांस गड, घोडे व रानवाटा हिंडविल्या. ह्या दोघांची भाषा शुद्ध, कथेची ओढ विलक्षण आणि पाने उलटावयास लावण्याची हातोटी अशी की, पुढे पुष्कळ मोठ्या लेखकांसही ती साधली नाही. पण त्यांच्या कादंबऱ्यांत लंडनचा गरीब मनुष्य नाहीसा होऊन त्याच्या जागी गुहा, तळघरे आणि गुप्त दरवाजे आले. दुष्टपणा हा कोणत्याही व्यवहारातून निघत नाही; तो दुष्ट मनुष्याच्या जन्माबरोबरच आलेला असतो. राज्य खऱ्या वारसास मिळाले की सारे ठीक होते. वाचकास करमणूक मिळाली, मराठी वाचनाची गोडी लागली, हे त्यांचे उपकार आम्ही कधीही नाकारणार नाही. तथापि संशयित कोण, हा प्रश्न त्यांनी जेथे होता तेथेच ठेवला.

ही पुस्तके आमच्यासारख्या जिल्ह्यात कशी पोहोचली, हे समजण्यास थोडा भूगोल ध्यानात घ्यावा लागतो. १८६२ साली नागपूर जिल्ह्यातून वर्धा जिल्हा निराळा झाला. त्याचे ठाणे प्रथम पुलगावाजवळ कवठ्यास होते. १८६६ च्या सुमारास ते पालकवाडी येथे हलविण्यात आले आणि तेथे वर्धा शहर वसले. पुढच्याच वर्षी मुंबईची आगगाडी नागपुरास पोहोचली. कापूस मुंबईकडे जाऊ लागला आणि परतीच्या गाडीने कापड, घासलेट, वर्तमानपत्रे आणि पुस्तके येऊ लागली. हिंगणघाट व पुलगाव येथे गिरण्या निघाल्या. कचेरी, कोर्ट, शाळा व रेल्वे ह्यांच्या आधाराने जी मध्यमवर्गीय घरे उभी राहिली, तीच ह्या कादंबऱ्यांची घरे. वडील माणसांस दुपारी, मुलांस चोरून आणि स्त्रियांस सर्वांची जेवणे आटोपल्यावर त्या मिळत. पुस्तक एक आणि वाचणारे सात, असा तो हिशेब होता; त्यामुळे खपाच्या आकड्यांवरून ह्या वाङ्मयाचा प्रसार मोजणे व्यर्थ आहे.

ह्यानंतरचे मोठे नाव बाबुराव अर्नाळकरांचे. त्यांचे खरे नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. विसाव्या शतकाच्या चाळिशीत त्यांच्या कथांचा पूर सुरू झाला आणि हजारांवर पुस्तके लिहून तो थांबला. १९९६ साली ते वारले. झुंझार, काळापहाड, धनंजय ही त्यांची माणसे घरोघर ठाऊक होती. समीक्षकांनी त्यांची उपेक्षा केली, तीस भाषेचा ठोकळेबाजपणा व कथानकांची पुनरावृत्ती ही कारणे होती, आणि ती खोटी नाहीत. पण एक गोष्ट समीक्षकांच्या ध्यानात आली नाही. अर्नाळकरांचा झुंझार हा कायद्याच्या दृष्टीने गुन्हेगार आणि वाचकाच्या दृष्टीने सज्जन आहे. तो दुर्जनांस लुटतो आणि दुबळ्यांच्या मदतीस धावतो. पोलीस त्याच्या मागावर असतात आणि वाचक मनातून त्याने निसटावे अशी इच्छा करीत असतो. म्हणजे दातारशास्त्र्यांच्या गुहेत हरवलेला रेनॉल्ड्सचा प्रश्न मुंबईच्या रस्त्यावर पुन्हा दिसू लागला होता.

हे त्याच काळात का घडावे? ह्याचे उत्तर आम्हांस आमच्याच जिल्ह्यात सापडते. १६ ऑगस्ट १९४२ रोजी आष्टी येथे लोकांचा मोर्चा पोलीस ठाण्यावर गेला. गोळीबार झाला, गावकरी पडले, चवताळलेल्या लोकांच्या हातून पोलीसही मारले गेले. त्याच दिवशी शेजारच्या चांदा जिल्ह्यात चिमूर येथे तसेच घडले, आणि नंतर तेथील स्त्रियांवर झालेल्या अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून सेवाग्रामच्या प्राध्यापक भन्साळींनी ६३ दिवसांचे उपोषण केले. चिमूर व आष्टी खटल्यांत कित्येकांस फाशीच्या शिक्षा झाल्या. पुढे लोकमताच्या रेट्यापुढे सरकारला नमावे लागले. ज्या गावात काल आरोपी ठरलेला मनुष्य आज हुतात्मा अथवा वीर होतो, त्या गावातील वाचकास पोलिसाच्या हातून निसटणाऱ्या नायकाचे कौतुक वाटले तर त्यात नवल ते काय? भूमिगतांचे वेषांतर, रात्रीचे निरोप, पाठीवर पाळत, हे त्या पिढीने कादंबरीत वाचण्यापूर्वी आपल्या आळीत पाहिले होते. अर्नाळकरांच्या लोकप्रियतेस स्वस्त किंमत हे एक कारण असेल. हे दुसरे कारण आम्हांस त्याहून थोर वाटते.

तरीही झुंझार हा अखेर ऐटबाज कपड्यांतला नायक आहे. संशयिताच्याच घरातून आलेला नायक मराठीस दिला तो अण्णाभाऊ साठ्यांनी. 'फकिरा' ही त्यांची कादंबरी १९५९ साली प्रसिद्ध झाली. तिला कोणी रहस्यकादंबरी म्हणत नाही. पण पाठलाग, दरोडा, विश्वासघात, तुरुंग, उत्कंठेचे असे कोणते अंग तीत नाही? फरक एवढाच की, मांगवाड्यातील ज्या माणसांस सरकारने गुन्हेगार जमात ठरवून दररोज हजेरी द्यावयास लावली, त्यांच्याच डोळ्यांनी ती लिहिली आहे. दुष्काळात लेकरे मरत असताना धान्य लुटणारा दरोडेखोर की धान्य कुलपात ठेवणारा, हा प्रश्न तीत केवळ विचारलेला नाही, त्याचे उत्तरही दिलेले आहे. पुढे १९८७ साली लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' आले आणि त्यास साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. ते आत्मकथन आहे. पण झडतीच्या वेळी दार वाजल्यावर झोपडीच्या आत काय होते, हे त्यातून कळले तेव्हा पुष्कळ सुशिक्षित वाचकांस प्रथमच जाणवले की, आजवर वाचलेल्या साऱ्या गुन्हेगारी कथांत आपण दाराच्या बाहेर, शिपायाच्या मागे उभे होतो. अमीर अलीची जबानी साहेबाने लिहून घेतली होती. ही जबानी सांगणाऱ्यानेच लिहिली, हा दीडशे वर्षांतला मोठा फेर होय.

मध्यंतरीच्या काळाविषयी थोडक्यात सांगतो. नारायण धारपांनी भयकथेस मराठीत घर दिले. रत्नाकर मतकऱ्यांनी गूढकथेस मानसशास्त्राची जोड दिली. सुहास शिरवळकरांनी तरुणांची बोली रहस्यकथेत आणली आणि गुरुनाथ नाईकांनी हजारांवर कादंबऱ्या लिहून अर्नाळकरांची परंपरा चालविली. 'नवल'सारख्या मासिकाने परदेशी चमत्कृती मराठीस परिचित केली. भालबा केळकरांनी शेरलॉक होम्स मराठीत आणला. रवींद्र गुर्जरांच्या अनुवादातून 'पॅपिलॉन' घरोघर पोहोचला. अशोक जैनांनी सत्यजित राय ह्यांचा फेलूदा मराठी मुलांच्या हाती दिला. आमच्या जिल्ह्यात हिंदीचाही मोठा राबता. १९३६ साली वर्ध्यास राष्ट्रभाषा प्रचार समिती स्थापन झाली, तिने हिंदीच्या परीक्षा घेतल्या. परंतु कित्येकांस हिंदी वाचण्याची खरी चटक देवकीनंदन खत्रींच्या 'चंद्रकांते'ने आणि स्टेशनावर मिळणाऱ्या सुरेंद्र मोहन पाठक व वेदप्रकाश शर्मा ह्यांच्या कादंबऱ्यांनी लावली असेल, असे म्हणण्याचा मोह आम्हांस आवरत नाही.

अलीकडच्या थरारकादंबऱ्यांविषयी आमचे मत संमिश्र आहे. त्यांची गती वाढली, प्रकरणे आखूड झाली, प्रत्येक प्रकरणाचा शेवट वाचकाचा हात धरून पुढे ओढतो. प्रेतपरीक्षा, दूरध्वनीच्या नोंदी, रक्ताच्या तपासण्या ह्यांचे तपशील पूर्वीपेक्षा पुष्कळ काळजीपूर्वक दिलेले असतात. अनुवादित कादंबऱ्यांनी तर कपाटे भरून गेली आहेत. परंतु ह्यांपैकी बहुतेकांची पात्रे कोणत्याही शहरात राहू शकतील, कारण ती कोणत्याच शहरात राहत नाहीत. खुनी पुष्कळदा वेडा असतो. वेडा खुनी ही लेखकाची मोठी सोय आहे. त्यास कारण लागत नाही आणि त्याच्या गुन्ह्यात आपला कोणाचाच हात नसतो. ह्यास अपवादही आहेत. हृषीकेश गुप्ते ह्यांच्या 'दंशकाल'सारख्या कादंबरीत भयाचा उगम बाहेरच्या कोणा राक्षसात नसून घराच्या आतच आहे, आणि म्हणून ते भय वाचून झाल्यावरही राहते. अशा पुस्तकांची आम्हांस अधिक अपेक्षा आहे.

कोणी म्हणेल, करमणुकीच्या पुस्तकावर एवढे ओझे का लादावे? ह्यास आमचे उत्तर असे की, ओझे लादावे असे आम्ही म्हणत नाही. संपत्ती पायाशी पडली आहे ती उचलावी, एवढेच म्हणतो. स्वीडनमध्ये माय श्योवाल व पेर वाल्यू ह्या जोडप्याने १९६५ ते १९७५ ह्या काळात पोलिसी तपासाच्या दहा कादंबऱ्या लिहिल्या आणि त्यांतून आपल्या साऱ्या समाजाची झडती घेतली. त्या कंटाळवाण्या झाल्या नाहीत, उलट जगभर खपल्या. मग आमच्याकडे काय उणे आहे? सातबाऱ्याच्या उताऱ्यावर एका रात्रीत बदललेले नाव, सावकाराच्या पेटीतील कोऱ्या कागदावरचा अंगठा, बाजारात शेतकऱ्याच्या गळ्यात मारलेले बोगस बियाणे, जिनिंगच्या काट्यातील खोट, धरणाखाली गेलेल्या गावच्या मोबदल्याची यादी. ह्यांतील प्रत्येक वस्तू गुप्त दरवाजापेक्षा अधिक रहस्यमय आहे.

आणि सर्वांत मोठे रहस्य तर उघड्यावर पडले आहे. २००६ साली केंद्र सरकारने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे खास मदत जाहीर केली, त्यांत वर्धा होता. विषाची बाटली सापडते, पंचनामा होतो, मृत्यूचे कारण लिहिले जाते आणि कागद मिटतो. रहस्यकादंबरीच्या भाषेत सांगावयाचे तर प्रेत आहे, हत्यार आहे, पण आरोपी नाही. कापसाचा भाव, कर्जाचे व्याज, आटलेली विहीर, लग्नाचा खर्च, आणि कचेरीत वर्षभर पडून राहिलेला अर्ज, असे अनेक हात त्या बाटलीवर आहेत आणि एकाही हाताचा ठसा उमटत नाही. नेहमीच्या रहस्यकादंबरीचे सुख असे की, शेवटच्या प्रकरणात गुप्त पोलीस एका माणसाकडे बोट दाखवितो आणि बाकीचे सर्व निर्दोष ठरतात. वाचकही त्यांबरोबर निर्दोष ठरतो. ज्या गुन्ह्यात बोट एकाकडे दाखविता येत नाही, त्याचा शोध घेणारा गुप्त पोलीस मराठी कादंबरीत अद्याप जन्मास यावयाचा आहे. तो आला तर ह्या वाङ्मयास उशाखाली लपून राहण्याचे कारण उरणार नाही.

तोपर्यंत वडील मंडळींस आमची एवढीच विनंती आहे की, मुलांच्या हातची रहस्यकथा हिसकावून घेऊ नये. तीत चिकाटी आहे, पुराव्याची कदर आहे, आणि दिसते ते सर्व खरे नसते हा मोलाचा धडा आहे. मात्र पुस्तक वाचून झाल्यावर मुलास एक प्रश्न अवश्य विचारावा. खुनी कोण निघाला, हा नव्हे. तो त्यास ठाऊकच असतो. तुला प्रथम संशय कोणाचा आला, आणि का आला, हा विचारावा. त्या प्रश्नाचे उत्तर देताना मूल क्षणभर थांबेल. प्रामाणिकपणे उत्तर द्यावयाचे ठरविले, तर विचारणाऱ्यासही थांबावे लागेल.